पाव्हण्याचं पाणी

पर्यावरण हा शब्द आमच्या बाररूममध्ये तेव्हा कोणी ऐकलाही नव्हता. महाराष्ट्र नुकताच झाला होता. घाण पाण्याबद्दल कोर्टात जायचं तर फौजदारी कायद्यातलं सार्वजनिक उपद्रवाचं कलम होतं, आणि ते वापरणारा तालुक्यात मी एकटाच. त्यामुळे बाकीचे वकील मला 'गटारवकील' म्हणत. म्हणोत बापडे. त्यांच्यातले निम्मे त्याच गटारांच्या मालकांचं मीठ खात होते.

नांदुऱ्याच्या बाजूला सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. तेल सोड्यानं धुतल्यावर उरलेलं काळं, बुळबुळीत पाणी मालक सरळ नाल्यात सोडायचा. नाल्याच्या काठी खालच्या अंगाला माळ्यांचं एक गाव होतं. गावाला विहीर एकच, नाल्याला लागून. त्या पाण्यानं वांगी करपली, लेकरांच्या अंगावर फोड उठले. तेच पाणी लोक गाळून, उकळून पीत होते, कारण दुसरं नव्हतं.

अर्जदारांत पहिलं नाव एका विधवा बाईचं होतं. विहिरीसमोर घर, काठाला लागून भाजीचा मळा. बाई तोंडाची फटकळ, कोणाच्या बापाला न भिणारी. गिरणीमालकानं अर्ज मागे घ्यायला माणूस पाठवला तेव्हा तिनं त्याच्या अंगावर शेणाची पाटी रिकामी केली होती. असा अशील मिळायला भाग्य लागतं, असं मला वाटलं. माझं भाग्य मौका-पाहणीच्या दिवशी कळलं.

मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः जागा बघायला येणार होते. उन्हाळ्याची दुपार होती. गिरणीचे वकील पान चघळत साहेबांच्या जीपमधूनच उतरले. साहेब बाईच्या ओट्यावर टेकले आणि बाईनं आतून घासून लख्ख केलेला तांब्या आणि गुळाचा खडा आणला. साहेबांनी घोट घेतला, पुन्हा घेतला आणि तांब्या संपवला.

"वा! वाळा घातलाय का?" साहेब म्हणाले.

माझ्या शेजारच्या माळ्यानं कानात सांगितलं. बाईनं पहाटे वरच्या गावी पायपीट करून, तिथल्या आडाचं पाणी डोक्यावर आणलं होतं. का? तर दारी पाव्हणा येणार!

मी ओरडलोच, "साहेब, हे पाणी या विहिरीचं नाही!"

गिरणीच्या वकिलांनी पिंक टाकली. "वकीलसाहेब आता साक्षही स्वतःच देणार का?" मग बाईकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "काय बाई, हे पाणी तुमच्या गावचं नाही?"

सगळं गाव बघत होतं. बाईनं पदर सारखा केला.

"गावचंच हाय," ती म्हणाली.

साहेबांनी मग उठून विहिरीत नुसतं डोकावल्यासारखं केलं. अर्ज फेटाळला गेला. आपलेच दात, आपलेच ओठ! जीप गेल्यावर मी बाईवर असा तुटून पडलो की गावकरी मध्ये आले.

"काऊन केलं असं? काऊन?" रागाच्या भरात मीही तिच्याच बोलीवर आलो होतो.

"पाव्हण्याले तसलं पाणी देऊ का? दारी आलेल्याले पाणी देता येत नाही, असं गाव हाय का हे?" तीही तितकीच तापली होती. "तुमी शहरातले. तुमाले काय समजते?"

गिरणीचं पाणी वाहतच राहिलं. पाऊसकाळ गेला, साहेब बदलले, आणि मी नव्यानं अर्ज केला. पुन्हा पाहणी ठरली. या वेळी मी आदल्या दिवशीच गावात जाऊन बाईला बजावलं, की उद्या विहिरीचंच पाणी द्यायचं, गाळायचं नाही, उकळायचं नाही. ती तांब्या घासत राहिली. मी म्हणालो, "नाहीतर तुमची लेकरं फोड खाजवत मरू देत. मी पुन्हा येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं तोच लख्ख तांब्या आणला. नव्या साहेबांनी घोट घेतला आणि ओट्याखाली भडाभडा ओकले. गिरणीचे वकील पान चघळायचे थांबले, ते बघून माझा जीव थंडावला. बाई मात्र तोंडात पदर कोंबून आत पळाली. तिचं रडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

हुकूम आमच्या बाजूनं झाला. गिरणीला नाली गावापासून दूर वळवावी लागली आणि दोन पावसाळ्यांत विहीर निवळली. मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोर्टाला गावाची अब्रू दिसत नाही, ओकारी दिसते.

नंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. गावानं चहा पाजला, हार घातला. मी मुद्दाम बाईच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पाणी मागितलं.

दाराआडून ती म्हणाली, "वकीलसाहेब, विहीर समोर हाय. पोहरा हाय. काढून प्या."

मी उठलो, पोहरा सोडला, ओंजळीनं प्यालो. पाणी गोड होतं. ती बाहेर आली नाही.