मशीनची अंगाई
केडगावच्या त्या सलूनवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. दुकानाच्या कोपऱ्यात साडीची झोळी होती आणि तीत त्याची आठ महिन्यांची मुलगी झोपली होती. बायको नागापूरला कंपनीत कामाला. मी फक्त कडेचे केस कापायला सांगितले, पण त्याचं मशीन थांबेचना. अर्धं डोकं गेल्यावर मी हात वर केला.

तो कुजबुजला, "मशीन थांबलं की पोरगी उठती, साहेब. नुसतं हवेत फिरवलं तर लबाडी वळखती. तिची आई साडेतीनला येती, तवर डोकी पुरली पायजेत."

सव्वातीनला माझं डोकं संपलं. बाकावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. झोळी हलली. तो माझ्याकडे केविलवाणा बघत राहिला.

माझी पंधरा वर्षांची मिशी होती.

"मिशीपण घ्या," मी म्हणालो.