वीतभर वळचण

अण्णांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली आणि माझा चहा कपातच राहिला.

"एवढी वळचण ठेवायची, त्यापुढची सगळ्यांची कापायची," ते म्हणाले. "कुणाची भिंत पाडायला नको, कुणाला भरपाई द्यायला नको. रस्ता रुंद आणि मोटार थेट चौकापर्यंत!"

अण्णा प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचे मालक. गावकमिटीच्या निवडणुकीला उभे होते आणि मतदान दुसऱ्या दिवशी होतं. भोर आणि वेल्ह्याच्या मधलं हे बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतल्या बऱ्याच जणांची नातवंडं अजून तिथंच नांदतात. मी मूळचा विंझरचा, पण घरबांधणीची कंत्राटं घेता घेता तिथलाच झालो होतो. काळ स्वातंत्र्याआधीचा. मत सगळ्यांना नव्हतं. गावात स्वतःचं घर असेल आणि घरपट्टी भरत असाल, तरच.

वळचण म्हणजे भिंतीच्या पुढं आलेली छपराची कड. कोरड्या मुलखात ती असली काय, नसली काय. आमच्याकडं पाऊस आडवा येतो. मातीच्या भिंतीपुढं दोन हात वळचण नसेल तर झड थेट भिंतीवर बसते आणि भिंत आतून फुगत जाते. म्हणून आमच्याकडं आधी खांब उभे करून छप्पर चढवतात आणि मग त्याच्या आडोशाला भिंती घालतात. बाहेरच्या ओव्हरसियरला हे उलटं वाटायचं. आम्हाला तोच उलटा वाटायचा.

आता एवढं सगळं कळत असताना आम्ही बांधकामवाले अण्णांच्या मागं कसे लागलो? कौलांमुळं. त्यांनी सभेत सांगितलं, गवताची छपरं म्हणजे आगीला निमंत्रण, मी निवडून आलो की सगळं गाव कौलारू करतो. कौलं म्हटल्यावर आम्हाला गावभर कामच काम दिसायला लागलं आणि पुढचं भाषण कुणी ऐकलंच नाही. त्यांच्या विरुद्ध शाळेतले गुरुजी उभे होते. घरांचे नियम घर बांधणाऱ्यांना विचारून करू, असं ते म्हणत होते. आम्ही त्यांची टिंगल केली. सभेच्या त्याच संध्याकाळी सगळे गवंडी आणि सुतार देवळात जमले आणि अण्णांसाठी बेलभंडारा उचलला. तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन दिलेला शब्द. तो मोडायचा नसतो.

चहा टाकून मी रावजी मिस्त्रींकडं निघालो. ते आमच्या सगळ्यांचे उस्ताद. हयातीत त्यांची एकही भिंत पडलेली नव्हती. ते तेव्हा हसनभाई पिंजाऱ्याच्या घरावर होते. खांब उभे होते, वासे चढत होते. हसनभाई गाद्या भरायचा. भाड्याच्या गळक्या खोलीत त्याचा कापूस दर पावसाळ्यात भिजायचा, म्हणून त्यानं पोटाला चिमटा घेऊन बाजारात ही जागा घेतली होती. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड.

मी वीत करून दाखवली. रावजी खाली उतरले.

"कुनी सांगितलं?"

"खुद्द अण्णांनी. मिस्त्री, अजून उद्याचा दिवस हाय. मत गुरुजींना देऊ."

"भंडारा उचललाय म्या," ते म्हणाले. "तू बी उचललाय."

"तवा वळचणीचं कुठं ठावं हुतं?"

"इचारलं न्हाई, ही आपली चूक. द्येवाची न्हवं."

हसनभाई कापूस झटकायचं थांबून ऐकत होता. "मिस्त्री, मला तर मतच न्हाई. घर झालं की यील. तवर तुमचं मत त्येच माझं. पर कापूस भिजल का?"

"न्हाई भिजणार," रावजी म्हणाले. "म्या हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मतं दिली. मीही दिलं. अण्णा निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला, कौलांचाही आणि वळचणीचाही. हसनभाईच्या घराचे वासे रावजींनी स्वतः करवत धरून कापले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. समोरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला. पाऊस लागल्यावर बांबूची झापं बांधली, म्हणजे झड अडवायला उभे केलेले तट्टे. कमिटीची नोटीस आली: रस्त्यात अडथळा, झापं काढा.

मी अण्णांकडं गेलो.

"नियम सगळ्यांना एकच," ते म्हणाले. "माझीपण वळचण कापलीय, जाऊन बघ."

खरं होतं. पण त्यांची भिंत काळ्या दगडाची होती. हसनभाईला दगड कुठून परवडणार? माणूस वाईट नव्हता. त्यांना मोटारीचा रस्ता कळत होता आणि घर कळत नव्हतं. घर ज्यांना कळत होतं, ते आम्ही.

झापं काढावी लागली आणि श्रावणात भिंत पडली. भर दुपारी, रस्त्याच्या बाजूला. सुदैवानं खाली कुणी सापडलं नाही. लग्नाच्या ऑर्डरीच्या गाद्या आणि सगळा कापूस चिखलात गेला. रावजी आले. पडलेल्या मातीत उकिडवे बसले, मूठभर माती उचलून दाबून पाहिली.

"मिस्त्री, तुमची भिंत चांगली हुती," हसनभाई म्हणाला. "छप्पर कापलं म्हून पडली."

"कापलं कुनी?" रावजींनी विचारलं. "म्याच न्हवं का?"

हसनभाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं उलट त्यांना हाताला धरून उठवलं. रावजींनी त्या दिवशी आपली थापी माझ्या हातात दिली आणि परत कधी मागितली नाही. मरेपर्यंत ते घरच्या ओट्यावर बसून असत, कुणी काम सांगायला आलं की माझ्याकडं बोट दाखवत.

पाऊस उघडल्यावर हसनभाई बायकोमुलांना घेऊन पुण्याला गेला. खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण, बाकी एक वळकटी. घरपट्टी भरून झाली होती, म्हणजे पुढच्या खेपेला त्याला मत मिळणार होतं. अण्णांची मोटार त्याला न्यायला थेट पडक्या घराच्या दारात आली. रस्ता खरंच रुंद झाला होता.

त्यानंतर पुष्कळ निवडणुका पाहिल्या. उमेदवार हात जोडून दारात आला की मी त्याला एवढंच विचारतो, "वळचण किती ठेवणार?" त्याच्याबरोबरची माणसं हसतात. त्यांना हसू दे. पण परवा त्यांच्यात आमचे दोघे गवंडीही होते, आणि तेही हसले.