मटाराची सालं, दहा-दहाच्या ओळीत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पहिला उठून जातो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी. पार्ट एकतर ओके, नाहीतर रिजेक्ट. तरी हे लिहितोय... आणि खरं सांगू? भीती वाटली म्हणून नाही, जळफळाट होतोय म्हणून.

आम्ही दोघं संत तुकाराम नगरला राहतो. बायको शीतल, परभणीची. तीनेक वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा कंपनीत ऑडिट होतं, मी तिसऱ्या दिवशी पोचलो. शेवटच्या घटकेला शीतल एकटीच आईजवळ होती. आई तिला काहीतरी सांगून गेली, एवढंच मला माहीत. काय, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, असं करत राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, पण डिस्पॅच अडकला म्हणून फर्स्ट शिफ्टला बोलावलं. सात ते साडेतीन मी लाइनवर होतो. दर तासाच्या रिपोर्टवर माझी सही आहे, फेस मशीनमध्ये हजेरी आहे, आणि बरोबर बारा वाजता सुपरवायझर माझ्याशी भांडलाय.

पाचला घरी आलो. शीतलने दार उघडलं. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा... इतका हलका चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"आलोच म्हणून गेलात अन् आत्ता यायलात?"

"कुठून गेलो?"

"काय हो... बाराला नाही का आलात? दीड तास मटार सोलत बसलात की."

माझं डोकंच फिरलं. "कोण आलं होतं घरात?" मी ओरडलो. नको नको ते मनात आलं, लपवत नाही.

"असं काय बोलायलात? तुम्हीच की! आईचं तुम्हीच विचारलंत. सगळं सांगितलं तुम्हाला. मधे एक शब्द बोलला नाहीत, नुसतं ऐकून घेतलंत."

किचनमध्ये पेपरवर सालं पडली होती. पडली कसली, मांडली होती. दहा-दहाच्या ओळीत, सगळे देठ एकीकडे. ट्रेमध्ये आम्ही पार्ट असेच लावतो, मोजायला बरं पडतं. घरी मी भेंडीसुद्धा तशीच लावतो आणि शीतल हसते. दुसरं कुणी असलं करणार नाही राव!

आता बघा — तो मीच, तर मग लाइनवर कोण होतं? आणि लाइनवर मी, तर मटार कुणी सोलले? पुरावा दोन्हीकडे पक्का. बायको ओळखते तो मी, की मशीन ओळखतं तो? कंपनीच्या बसमध्ये जाता-येता माझं हेच चालू असतं. पण खरी आग वेगळीच आहे. परका पुरुष असता तर भांडलो तरी असतो. हा माझ्याच तोंडाचा, माझ्याच सवयींचा, आणि मला दोन वर्षांत जमलं नाही ते या गड्याने एका दुपारी केलं. तिचं ते बोलणं आता त्याच्याकडे आहे. माझ्याकडे नाही.

पुढच्या गुरुवारी सुट्टी होती. मीच किलोभर मटार आणले, तिच्यासमोर बसलो आणि सहज विचारल्यासारखं केलं, "त्या दिवशी सांगितलंस ना आईंचं, ते परत सांग की."

तिचा हात थांबला. "विसरलात?"

तो हलका चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला.

"छे! आठवतंय की."

"मग झालं तर. एकदाच सांगवलं ते. परत नाही व्हायचं माझ्याच्यानं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता कुठल्या तोंडाने विचारू?

मशीन चुकलं असेल, शीतलला भास झाला असेल, मलाच विसर पडला असेल... सगळं तपासून झालं. उत्तर नाही ते नाहीच.

परवा तिच्या भावाला मुलगी झाल्याचा फोन आला. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. "आई म्हणाली होती तसंच झालं की नाही, सांगा?"

"अगदी तसंच," मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिला थोपटत राहिलो, आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिलो.