दसऱ्याचा हार

दसऱ्याच्या सकाळी मंदाताईंच्या मसाल्याच्या दुकानात शिरलो आणि दचकलो. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला झेंडूचा हार, आणि त्या स्वतः खाली बसून आपट्याची पानं वाटत होत्या. तो फोटो म्हणजे आमच्या लघुउद्योगांच्या मासिकाच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ.

"अहो, जिवंत माणसाच्या फोटोला हार?"

"मला कुठे घातलाय? चक्कीला घातला, तराजूला घातला, तसा अंकालाही. तो दाखवूनच पहिली गिऱ्हाइकं मिळवली मी. हत्यारच की ते."

इतकी वर्षं लोक मासिकाला वाचनीय म्हणाले, हत्यार कुणीच म्हटलं नव्हतं.

येताना मीही हार घेतला आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाला बांधला. आमचा पहिला अंक त्याच्यावरच जुळवला होता. बायकोने हाराकडे पाहिलं आणि काही न विचारता ताटं जमिनीवर मांडली.

"पूजलेल्या हत्याराला आज सुट्टी," ती म्हणाली.