वसतिगृहाचं पान उघडेना

पाथर्डीकडच्या एका वसतिगृहाची वेबसाईट मी नगरला घरी बसून सांभाळते. तिथली बहुतेक मुलं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची. प्रत्येक मुलाचं त्यावर एक पान आहे. मूल जेवलं का, शाळेत गेलं का, बरं आहे का, ते रेक्टरबाई रोज लिहितात आणि आईबाप फडात उभे राहून मोबाईलवर बघतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी श्रीगोंद्याकडून एका बाईचा फोन आला. तिची मुलगी वसतिगृहात तिसरीत होती.

"ताई, पोरीचं पान उघडंना. मगाशी लिव्हलं हुतं, ताप लई हाय, दवाखान्यात नेतोय म्हनून. आता कायच दिसंना. बाईंचा फोन बी बंद लागतोय."

मीही रेक्टरबाईंना फोन लावला, बंदच होता. मग वसतिगृहात ठेवलेला सर्व्हर घरूनच उघडून पाहिला. वसतिगृहातली वीज अचानक जाऊन आली होती. सर्व्हर आपोआप सुरू झाला होता, पण डेटाबेस, म्हणजे मुलांची माहिती सांभाळणारा प्रोग्राम, सुरू होत नव्हता.

हा प्रोग्राम चालू होताना एक लॉक फाईल करून ठेवतो, दुसऱ्या कुणी त्याच माहितीत हात घालू नये म्हणून. नीट बंद झाला तर ती पुसून टाकतो. वीज अशी गेली की फाईल तशीच राहते, आणि पुढच्या वेळी ती बघून त्याला वाटतं, इथं आधीच कुणी काम करतंय.

पुसायला क्षणभर पुरतो. पण खरंच कुणी काम करत असलं तर सगळ्याच मुलांची माहिती बिघडणार. फाईलमध्ये चालू प्रोग्रामचा एक क्रमांक असतो. चालू असलेल्या प्रोग्राममध्ये तो शोधला, तर सापडला! म्हणजे डेटाबेस चालू असावा. नीट पाहिल्यावर कळलं, सर्व्हर नव्यानं सुरू झाल्यावर तो क्रमांक प्रिंटरच्या प्रोग्रामला मिळाला होता. डेटाबेस चालू नव्हताच. तरी धोका नको म्हणून आधी सगळ्या माहितीची प्रत काढायला घेतली. ती संपता संपेना. तेवढ्यात पुन्हा फोन.

"झालं का वो ताई?"

"होतंय. थोडा दम धरा."

"कसा दम धरू? मी निघाले. जीप मिळालीय, नगरला येते, तिथनं पुढं पाथर्डीला."

प्रत झाली, फाईल पुसली, डेटाबेस चालू झाला. घाईनं मुलीचं पान उघडलं. तिथं सकाळचीच ओळ होती. दुसरं काय असणार? लिहिणारी बाई दवाखान्यात होती.

मी स्टँडवर जाऊन थांबले. तिथं असतानाच रेक्टरबाईंनी नर्सच्या फोनवरून कळवलं, सलाईन लावलंय, ताप उतरतोय. आई जीपमधून उतरल्या उतरल्या मी तिला ते सांगितलं. तिनं मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही. पाथर्डीच्या एसटीत मीही तिच्याबरोबर बसले. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, पोरीचं कायतरी झालं म्हनून तुमीच पान बंद केलं."

इतक्या वर्षांत त्या कोऱ्या पानाचा असा अर्थ कुणी लावेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दवाखान्यात मुलगी कॉटवर जागी होती. आईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही. रेक्टरबाई समजावत राहिल्या, "बरी होईल ती. शाळा बुडवू नका." मीही सांगितलं, सर्व्हरला नवी बॅटरी बसवतो, वीज गेली तरी पुन्हा असं होणार नाही.

"तुमच्यावर राग न्हाई माजा," ती म्हणाली. "पन फडात आमच्या कोपीवर आजारी पडली तर मला दिसंल तरी."

सलाईन संपून सुट्टी मिळाल्यावर तिनं वसतिगृहातून मुलीचे कपडे घेतले आणि तिला फडावरच्या झोपडीत घेऊन गेली. उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाल्यावर मुलगी परत आली, तेव्हा तिचा वर्ग बराच पुढं गेला होता.

बॅटरी आता बसवली आहे. वेबसाईट बंद पडली तर दिसेल अशी एक सूचनाही मी लिहायला घेतली. "मुलं सुखरूप आहेत" असं टाईप केलं आणि थांबले. त्या वेळी मुलं कशी असतील ते मला कुठून कळणार? शेवटी लिहिलं, "मशीन बंद आहे," आणि खाली वसतिगृहाचा दुसरा फोन नंबर दिला.