मोजे आणि ग्लोबल
कुबट मोज्यांचा वास आला की ऐंशीच्या दशकातली अंधेरीची ती कॉम्प्युटर रूम आठवते. धूळ नको म्हणून बूट बाहेर, आणि आत बंद एसी खोलीत दहा जणांचे पाय. शी! आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम लिहीत होतो. बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनला त्या-त्या पेशंटचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या माहितीचा वेगळा संच, देऊ या, असं मी म्हणालो, तर सीनियर खेकसला, "सगळ्यांना एकच ग्लोबल ठेव ना यार! दोन पेशंट एकदम कोण उघडतंय?" मी ठेवला: शेवटी उघडलेला पेशंट तेवढा लक्षात ठेवणारा, सगळ्यांचा मिळून एकच कप्पा. डेमोला लॅबच्या बाईंनी नेमके दोन उघडले, पहिल्याचं बटण दाबलं, आणि छापून आला दुसऱ्याचा रक्तगट. "मॅडम, तुम्ही चुकीचं बटण दाबलंत," सीनियर म्हणाला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "सॉरी हां," त्या ओशाळून म्हणाल्या. त्या वासात माझेही मोजे होते.