रत्ना-सात आणि वासराचं सीरम

चहाचे कप आधी खाली ठेवा बरं. मागे एकदा हे सांगत होते तेव्हा आमच्या भावजींच्या नाकातून चहा आला होता, तोही नव्या शर्टावर. नंतर मला बोल लावायचा नाही!

मी मुंबईत एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन करते. असं म्हटलं की लोक एकदम आदराने बघायला लागतात, पण माझं काम फार छोट्या गोष्टीचं. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर काही खुणा असतात, चांगल्या पेशीवर सहसा न दिसणाऱ्या. त्या खुणा म्हणजे ट्यूमर अँटिजेन. त्यातली एखादी खूण नेमकी ओळखून तिलाच जाऊन चिकटेल अशी अँटिबॉडी बनवायची, हा माझा उद्योग. उंदराला कॅन्सरच्या पेशी टोचल्या की त्याचं शरीर शेकडो तऱ्हेच्या अँटिबॉडी तयार करतं. त्यातली हवी ती एक बनवणारी पेशी शोधून काढायची आणि फक्त तिचाच वंश वाढवायचा. मोनोक्लोनल, मोनोक्लोनल म्हणतात ते एवढंच.

सांगायला दोन मिनिटं लागली ना? करायला मला चार वर्षं लागली!

चार वर्षांनी एके दिवशी सात नंबरची अँटिबॉडी चमकणारा रंग जोडून पेशींवर टाकली आणि सूक्ष्मदर्शकातून बघते तर काय! कॅन्सरच्या पेशी हिरव्यागार चमकतायत, आणि शेजारी चांगल्या पेशी काळ्याकुट्ट. मी उठून पेडणेकरबाईंना मिठीच मारली. पेडणेकरबाई म्हणजे आमच्या तंत्रज्ञ, वीस वर्षांचा अनुभव, आणि मिठी मारण्यासारख्या बाई मुळीच नाहीत.

"अजून तपासायला हवं, मॅडम," त्या पदर सावरत म्हणाल्या.

कोण ऐकतंय! मी त्या अँटिबॉडीचं बारसंसुद्धा करून टाकलं, रत्ना-सात. रत्ना कशासाठी? रत्नागिरीसाठी! पेटंटचा अर्ज सोमवारी जायचा ठरला, आणि मधले तीन दिवस मी माहेरी, रत्नागिरीला आले.

इथे वहिनीने शेजारी सांगितलं, "मंजूला काहीतरी सापडलंय." वळणापर्यंत जाईतो त्याचं "औषध सापडलं" झालं. आणि दुपारी माझ्या जुन्या शाळेच्या फाटकावर फलक लागला, 'कर्करोगावर विजय मिळवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थिनीचा भव्य सत्कार, शनिवारी सायंकाळी'.

मी लगेच फोन करून दुरुस्त करायला हवं होतं की नाही? हवंच होतं. पण खरं सांगते, फलकाचा फोटो बघून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? नाव जरा मोठ्या अक्षरांत हवं होतं!

त्या शुक्रवारी दुपारी वहिनी पडवीत फणस फोडत बसली होती, मी गरे सोलत होते. एवढ्यात मागच्या घरातल्या नफिसाभाभी आल्या. त्यांचे यजमान तीस वर्षं जहाजावर होते, आता घरी असतात. भाभी कोंबड्या पाळतात, आणि त्यांची अंडी अर्ध्या आळीत जातात. शाळा चौथीपर्यंत, पण चौकशी? विचारू नका!

"काय गो मंजूबाय, उंदीर घरातला की रानातला?"

"पांढरा असतो भाभी, मुद्दाम पाळलेला."

"आणि त्या पेशी? त्या कुठे ठेवता?"

"प्लास्टिकच्या बाटल्यांत. उबेला."

"जित्या?"

"जिवंत. वाढतात, दुप्पट होतात."

भाभी पुढे सरकल्या. "म्हणजे खात असतील. काय घालता खायला?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या कौतुकाने मी सांगितलं, "वासराचं सीरम. म्हणजे वासराच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी."

भाभींनी एक गरा उचलला. मग म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांना सुकटीचा चुरा जास्त झाला ना, तर अंड्याला मासळीचा वास मारतो. गिऱ्हाईक लगेच ओळखतं. मग तुझ्या त्या उंदराला पेशी टोचल्या, त्यांच्या अंगाला वासराचं काही लागलेलं नसेल कशावरून? तुझी अँटिबॉडी त्यालाच ओळखत असेल तर?"

मी हसले. गरा हातातून पडेपर्यंत हसले! "भाभी, हे कोंबड्यांइतकं सोपं नसतं हो."

"असेल बाय," भाभी शांतपणे म्हणाल्या. "मी आपलं विचारलं."

भाभी गेल्या. मी हाताचा चीक काढायला खोबरेल चोळत होते. चोळता चोळता सहज मनात आलं, हसण्यावारी नेलं खरं, पण उत्तर काय द्यायचं होतं? पेशी धुतो आम्ही, पण चिकटून राहायचं ते राहतंच. पण मग चांगल्या पेशीसुद्धा चमकायला हव्या होत्या, त्यांना आपण काय खायला घालतो?

आणि माझे हात जागच्या जागी थांबले.

चांगल्या पेशी नाजूक. त्यांना आम्ही वेगळं, विकतचं तयार खाद्य घालतो. त्यात वासराचं काही म्हणजे काही नसतं!

तेलकट हातानेच पेडणेकरबाईंना फोन लावला. "बाई, उद्या एक काम कराल? प्लेटमध्ये नुसतं वासराचं सीरम लावा. पेशी एकही नको. आणि त्यावर रत्ना-सात टाका."

"मॅडम, हे आधी झालं नव्हतं?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या 'बरं'ने मला जितकं लागलं, तितकं नंतर प्रयोगशाळेच्या साहेबांच्या तासाभराच्या बोलण्यानेही लागलं नाही.

शनिवारी संध्याकाळ झाली तरी निरोप नाही. सभागृह भरलेलं. मुख्याध्यापक सावंत सरांनी शाल घातली, नारळ हातात दिला, टाळ्या सुरू झाल्या, आणि मांडीवरचा फोन थरथरला.

'प्लेट गडद निळी. पेशी नसताना. दोनदा करून पाहिलं.' निळी म्हणजे रत्ना-सात चिकटली, नुसत्या सीरमलाच!

सावंत सर माइकवर म्हणाले, "आता मॅडम आपल्या शोधाविषयी दोन शब्द सांगतील."

सांगा, काय करायचं? तब्येतीचं निमित्त काढून बसता आलं असतं. पण तिसऱ्या रांगेत नफिसाभाभी हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. त्यांना माझं कौतुक नको होतं, औषधही नको होतं. त्यांना फक्त कळायला हवं होतं, पुढे काय निघालं ते. त्या नजरेपुढे थाप मारायची म्हणजे कठीणच हो!

मी सगळं सांगितलं. उंदीर, पेशी, फणस, कोंबड्या, सगळं.

सावंत सर माझ्याकडे झुकले, पण माइक चालूच होता. "म्हणजे मॅडम, ती कॅन्सर ओळखत नाही?"

"नाही सर."

"मग काहीच ओळखत नाही?"

"ओळखते ना. वासरू ओळखते."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग अख्खं सभागृह! मीही हसले, दुसरं करते काय? शाल काढून भाभींच्या खांद्यावर घालायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ती राहू दे गो. आधी सांग, आता दोघी पेशींना एकच जेवण घालणार ना?"

"घालणार."

"आणि तरी एखादी अँटिबॉडी कॅन्सरच्याच पेशीवर चमकली तर?"

"तर खरी."

"मग कर की सुरू!" भाभी म्हणाल्या, जणू माझी चार वर्षं म्हणजे एक उबवण वाया गेली होती.

सोमवारी अर्ज थांबवला. साहेबांचं तासभर ऐकून घेतलं, आणि मंगळवारपासून आठ नंबरच्या मागे लागले, दोघींना एकाच पंगतीला बसवून.

हे सगळं मिटलं असं मला वाटलं होतं. बुधवारी प्रयोगशाळेत फोन आला. मालगुंडच्या बाजूचे कुणी गृहस्थ होते, शाळेतून नंबर मिळवला म्हणाले. फार अदबीने बोलत होते.

"मॅडम, तुमच्या सत्काराला मी मागे बसलो होतो. तुमचा शोध ऐकला. आमचं वासरू परवापासून दिसत नाहीय हो. कपाळावर पांढरा ठिपका आहे. तुम्ही येता, की मी त्याची आई घेऊन तिकडे येऊ?"